एक विहीर, दोन गट : खानापूर तालुक्यातल्या एका ग्रामसभेचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाव सांगली जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातलं. नाव देत नाही, आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत. वस्ती अडीच हजारांच्या आसपास, तीन प्रभाग, नऊ सदस्य. गावठाणात एक मोठी भावकी आहे आणि तिच्यातलेच दोन गट पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांविरुद्ध पॅनेल उभं करत आलेत. ओढ्याच्या पलीकडे बौद्ध आणि मातंग समाजाची वस्ती, माळावर धनगर समाजाची घरं, वेशीजवळ मुस्लिमांची थोडी घरं. या भागातल्या बहुतेक गावांसारखीच इथलीही तरणी पोरं गलाईच्या धंद्यात, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या कामात, देशभर पांगलेली. जत्रेला आणि मतदानाला ती गावात येतात. एरवी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असतात, आणि तिथं त्यांचा आवाज गावात राहणाऱ्यांपेक्षा मोठा असतो.

गट म्हणजे पक्ष नव्हे, हे बाहेरच्या वाचकाने ध्यानात घ्यायला हवं. तालुक्याचा नेता पक्ष बदलतो तेव्हा गट आहे तसा उचलून नव्या पक्षात जातो. झेंडा बदलतो, शेजारच्या घराशी असलेलं वैर बदलत नाही.

डिसेंबर 2022 मध्ये ग्रामपंचायतीची निवडणूक झाली. सरपंच थेट जनतेतून निवडायची पद्धत महाराष्ट्रात 2017 मध्ये आली, 2020 मध्ये रद्द झाली आणि 2022 मध्ये परत आणली गेली. त्यामुळे या गावात जे झालं ते इतर अनेक गावांतही झालं : सरपंच एका गटाच्या निवडून आल्या आणि नऊपैकी सहा सदस्य दुसऱ्या गटाचे. पद महिलांसाठी राखीव होतं. सरपंच ताई बारावी शिकलेल्या, बचत गटाचे हिशोब ठेवणाऱ्या. पण पहिलं वर्षभर पंचायतीत त्यांच्या खुर्चीशेजारच्या खुर्चीवर त्यांचे पती बसत आणि बोलतही तेच. उपसरपंच दुसऱ्या गटाचे. गाव त्यांना तात्या म्हणतं.

पेच

एकाकडे खुर्ची आणि दुसऱ्याकडे बहुमत, तेव्हा मासिक सभेत काहीही मंजूर होत नाही. 15 व्या वित्त आयोगाच्या निधीतला 60 टक्के हिस्सा पिण्याचं पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेला होता. तो पैसा खात्यावर पडून होता आणि व्हॉल्व्ह बदलायच्या खर्चाला मंजुरी मिळत नव्हती. सरपंचांच्या गटाने आणलेला विषय सहा जण अडवत, सहा जणांनी आणलेला विषय सरपंच विषयपत्रिकेवर घेत नसत.

ही कोंडी फोडायची कायद्याने दिलेली जागा म्हणजे ग्रामसभा. 73 वी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 रोजी अमलात आली तेव्हापासून ग्रामसभेला घटनेतच स्थान आहे. आपल्या राज्यात वर्षाला किमान चार सभा व्हायला हव्यात, त्याआधी महिलांची वेगळी सभा व्हायला हवी, आणि गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 माणसं, यांतली कमी असेल ती संख्या लागते. मात्र गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाली, तर पुढच्या सभेला गणपूर्तीची अट नसते. या पळवाटेवर गावागावांत कारभार चालतो. पहिली सभा मुद्दाम ओसाड ठेवायची, आठवड्याने तहकूब सभा घ्यायची, वीस-पंचवीस लोकांत ठराव उरकायचे आणि सह्यांचं रजिस्टर घरोघर फिरवायचं. या गावात 2023 मधल्या सगळ्या सभा एक तर अशा झाल्या किंवा आरडाओरड्यात मोडल्या. महिला सभा फक्त कागदावर होती.

त्यातच पावसाने दगा दिला. ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस राज्य सरकारने 40 तालुके दुष्काळी जाहीर केले, त्यांत खानापूर होता. गावाची पिण्याची विहीर ओढ्याकाठी आहे. टेंभू उपसा सिंचन योजनेचं आवर्तन, म्हणजे ठरलेल्या पाळीचं पाणी, सुटलं की ओढ्याला पाणी येतं आणि विहीर तग धरते, नाहीतर डिसेंबरातच तळ दिसायला लागतो. नळाला पाणी तीन दिवसांआड येऊ लागलं. गावठाणातल्या बऱ्याच घरांनी नळालाच इलेक्ट्रिक मोटर लावलेली होती. पाणी सुटलं की ती मोटर पाइपातलं पाणी ओढून घेते. ओढ्यापलीकडची वस्ती आणि माळावरची घरं लाइनच्या अगदी शेवटाला. तिथं नळातून नुसती हवा यायची.

पाणी येत नाही म्हणून वस्तीने पाणीपट्टी भरणं बंद केलं. सरपंच आपल्या नाहीत म्हणून तात्यांच्या गटातल्या पुष्कळांनी भरली नाही. पंपाचं वीजबिल थकलं आणि जानेवारी 2024 मध्ये वीजजोडणी तुटली. याच महिन्यांत आरक्षणाच्या प्रश्नावरून राज्यभर वातावरण तापलेलं होतं. गावोगावी नेत्यांना गावबंदीचे फलक लागले होते. इथल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मराठा आणि धनगर पोरांत शब्दाला शब्द लागला. परगावच्या गलाईवाल्यांनी त्यात तेल ओतलं, आणि पाण्याचं भांडण दोनच दिवसांत जातीचं झालं. 26 जानेवारीच्या ग्रामसभेत माइक हिसकावला गेला आणि सभा मोडली. पोलीस आले. गुन्हा दाखल झाला नाही, पण बायकांनी ठरवून टाकलं की पुन्हा त्या पटांगणात पाऊल ठेवायचं नाही.

समोर असलेले पर्याय

मी सांगली-सातारा भागात पंचायत सदस्यांच्या प्रशिक्षणाचं काम करतो. गावातले निवृत्त मुख्याध्यापक, बचत गटातल्या दोघी आणि सेतू केंद्र चालवणारा वस्तीतला एक तरुण अशा चौघांनी आम्हाला बोलावलं. पहिल्या बैठकीतच चार वाटा समोर आल्या.

पहिली वाट मिटवामिटवीची. तालुक्याच्या नेत्याकडे दोन्ही गटांचे म्होरके न्यायचे, त्याने दोघांना दोन शब्द सुनवायचे, संध्याकाळपर्यंत विषय संपवायचा. गावातल्या जाणत्यांचा कल याकडेच होता आणि वेळेच्या हिशोबाने तीच सोपी. मुख्याध्यापक अडून बसले. ते म्हणाले, “तिथं बसणार कोण? गावठाणातले चार पुरुष. पाणी ज्यांना मिळत नाही, त्यांतलं एकही माणूस त्या खोलीत नसंल.” या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय मला हाच वाटतो. दोन गटांतला समेट आणि गावाला न्याय या वेगळ्या गोष्टी आहेत. पुष्कळदा पहिली गोष्ट दुसरीच्या जिवावर होते. बिनविरोध निवडणुकीचं आपण कौतुक करतो तेव्हाही हाच प्रश्न विचारायला हवा, की कोणी उभंच राहायचं नाही असं कोणाला सांगून ती बिनविरोध झाली.

दुसरी वाट तक्रारीची : गटविकास अधिकारी, मग जिल्हा परिषद, मग चौकशी. हक्काची वाट आहे, पण चौकशीचा अहवाल येईपर्यंत उन्हाळा संपला असता.

तिसरी वाट अविश्वास ठरावाची. तात्यांच्या गटाचं मन तिथंच होतं. थेट निवडून आलेल्या सरपंचावर पहिली दोन वर्षं अविश्वास आणता येत नाही. त्यानंतरही सदस्यांचं तीन चतुर्थांश बहुमत लागतं आणि वर ग्रामसभेत गुप्त मतदानाने शिक्कामोर्तब व्हावं लागतं. म्हणजे डिसेंबर 2024 पर्यंत वाट पाहायची, आणि तेव्हाही सहा जणांनी आकडा भरत नव्हता.

चौथी वाट अशी की पाण्याचा विषय गटाच्या भांडणातून उपटून काढायचा, आधी मोजायचा, मग वस्तीवस्तीत बोलायचा आणि शेवटी एकाच विषयाची विशेष ग्रामसभा घ्यायची. लोकसभेची आचारसंहिता मार्चमध्ये लागणार हे सगळ्यांना दिसत होतं. हाताशी फार तर दीड महिना होता.

आधी मोजणी

वादात दोन्ही बाजू ‘आम्हालाच पाणी नाही’ म्हणत होत्या, आणि खरंखोटं ठरवायला कोणाकडेच काही नव्हतं. वीजबिलाचा हप्ता भरून जोडणी परत आली त्या आठवड्यात मोजणीचं ठरलं. बचत गटाच्या बायका आणि कॉलेजची पोरं यांच्या जोड्या लावल्या, आणि प्रत्येक जोडीत दोन वेगळ्या आळ्यांची माणसं घातली. साधन एकच : पंधरा लिटरची घागर आणि मोबाइलमधलं घड्याळ. पाणी सुटल्यावर ठरवलेल्या नळांवर घागर भरायला किती वेळ लागतो ते लिहायचं. मारुतीच्या देवळामागच्या आळीत घागर मिनिटाच्या आत भरली. वेशीजवळ दोन-अडीच मिनिटं लागली. ओढ्यापलीकडे पहिल्या नळावर आठ मिनिटं, आणि शेवटच्या नळावर पाणी बंद होईपर्यंत घागर अर्धीच.

गावठाणातली जी मुलगी शेवटच्या नळापाशी उभी होती, ती तात्यांच्या सख्ख्या भावाची. तिने तो आकडा स्वतःच्या हाताने लिहिला आणि घरी जाऊन सांगितला. आमच्या कुठल्याही भाषणाने झालं नसतं ते त्या घरात त्या रात्री झालं. सगळे आकडे ग्रामपंचायतीच्या बाहेरच्या भिंतीवर काळ्या रंगाने लिहिले. कोणाच्या घरात मोटर आहे हे मात्र लिहिलं नाही. त्यावर बरीच चर्चा झाली होती. वस्तीतल्या पोरांचं म्हणणं, नावं लिहाच. मुख्याध्यापकांचं म्हणणं, नाव लिहिलं की माणूस बचावाला उभा राहतो, मग तो आकड्याकडे बघत नाही. शेवटी फक्त आळीचं नाव लिहायचं ठरलं, आणि ते योग्यच झालं.

वस्तीवरच्या सभा

विशेष ग्रामसभेच्या आधी तिन्ही प्रभागांत सभा झाल्या. वस्तीची सभा वस्तीतल्या बुद्धविहारात, माळावरची बिरोबाच्या देवळापुढं. ग्रामपंचायत आपल्याकडे आली, असं माळावर पहिल्यांदाच घडत होतं, आणि आरक्षणावरून तापलेली पोरं त्या संध्याकाळी पाण्याची पाळी, लाइनची उंची, व्हॉल्व्हची चावी यांवर बोलली.

माळावरच्या सभेत एका म्हाताऱ्या बाबांनी बलवडीचं नाव काढलं. याच तालुक्यात येरळा नदीवर लोकांनी स्वतः उभारलेलं बळीराजा धरण आहे. दुष्काळाविरुद्धच्या चळवळीतून ते झालं, आणि त्याच्या पाण्यात जमीन नसलेल्यांचाही वाटा धरलेला होता. बाबा म्हणाले, “तिथं रान नसलेल्याला पाणी दिलं. हितं घर असलेल्याला प्यायला न्हाई.” एवढं बोलून ते बसले. समन्यायी पाणीवाटप हा शब्द या भागात पुस्तकातून आलेला नाही, आणि ग्रामसभेत पुढे कोणी ‘पाण्याला कसले आलेत हक्क’ असं म्हणू धजलं नाही याला ही आठवण कारण होती.

महिला सभा दुपारी ठेवायची पद्धत. त्या वेळी निम्म्या बायका डाळिंबाच्या बागेत किंवा भांगलणीला असतात. ती रात्री साडेआठला, शाळेच्या व्हरांड्यात घेतली. सरपंच ताई तिथं एकट्या आल्या आणि तासभर न अडखळता बोलल्या. पाणी सकाळी सोडायचं की संध्याकाळी, हा प्रश्न पुरुषांच्या कुठल्याच सभेत निघाला नव्हता. बायकांनी तो पहिल्या पाच मिनिटांत निकाली काढला : सकाळी साडेसहाच्या आत, मजुरीला जायच्या आधी.

विशेष ग्रामसभा

फेब्रुवारीच्या अखेरीस सभा झाली. नोटीस चावडीवर लागली, दवंडी फिरली आणि विषय एकच लिहिला होता : उन्हाळ्यातलं पिण्याच्या पाण्याचं वाटप. गणपूर्ती होऊन वर माणसं उभी होती. दोन्ही गटांच्या म्होरक्यांशी आधी बोलून तीन गोष्टी ठरवल्या होत्या. बोलायची सुरुवात लाइनच्या शेवटच्या टोकाकडून व्हायची. एकाने एकदा बोलल्यावर सगळ्यांची पाळी झाल्याशिवाय पुन्हा माइक मागायचा नाही. आणि ग्रामसेवकाने ठराव तिथल्या तिथं लिहून मोठ्याने वाचून दाखवायचा, मगच सह्या.

पहिला कसोटीचा क्षण लवकरच आला. वीजबिलाच्या थकबाकीवर कोणीतरी खोचक प्रश्न विचारला आणि सरपंचांचे पती उत्तर द्यायला उठले. मुख्याध्यापक शांतपणे म्हणाले, “भाऊ, प्रश्न सरपंचांना आहे.” क्षणभर सगळं थांबलं. ताई उठल्या, वहीतून आकडे वाचले, थकबाकी कोणत्या आळीची किती हेही सांगितलं. त्यात स्वतःच्या भावकीची आळी होती आणि ती त्यांनी गाळली नाही.

दुसरा क्षण मोटरींचा. मोटरी जप्त कराव्यात असा ठराव वस्तीतून येणार अशी गावठाणाची खात्री होती आणि माणसं तयारीने आली होती. वस्तीतल्या एक मावशी उठल्या. “तात्या, मोटर काढून टाका असं म्या म्हणत न्हाई. आमची पाळी असंल तेवढा तास बंद ठेवा. मग तुमचं तुम्ही घ्या.” तात्यांना नाही म्हणायला जागाच उरली नाही. थोडा वेळ गेला, मग ते उठले आणि म्हणाले, “बरोबर हाय. टेलला आधी सोडा.” कालव्याच्या आवर्तनात शेवटच्या टोकाला आधी पाणी द्यायची मागणी या भागातल्या शेतकऱ्याने स्वतः कितीदा तरी केलेली असते. तोच न्याय गावातल्या नळाला लागू करायचा, हे तात्यांच्या तोंडून आलं म्हणून त्यांच्या गटाने मानलं.

ठराव असा झाला : पाणी आधी वस्ती आणि माळावर, मग वेशीकडे, शेवटी गावठाणात. ज्याची पाळी नाही त्याची मोटर बंद. तीनदा मोडलं तर नळजोडणी महिनाभर बंद. पाणीपट्टी हप्त्याने. पाण्यावर देखरेखीसाठी प्रत्येक आळीतून एक बाई. पाणी सोडणाऱ्या कामगाराकडे व्हॉल्व्हची एक चावी राहील आणि दुसरी देखरेख समितीकडे. ग्रामसेवकांनी ठराव वाचला तेव्हा ‘शक्यतो’ हा शब्द आत आलेला होता. माळावरच्या एका पोराने तो पकडला आणि काढायला लावला. पुढच्या तीन महिन्यांत सगळ्यात जास्त उपयोग झाला तो या खोडलेल्या शब्दाचा.

उन्हाळ्यात काय घडलं

मार्च ते जूनच्या मध्यापर्यंत पाळी टिकली. मध्येच विहीर आटली आणि टँकर लागला, तेव्हा टँकरही त्याच क्रमाने फिरला. पाणीपट्टीची वसुली वाढली. पूर्ण झाली नाही.

पण पाळी खरी रुजली ती एप्रिलमध्ये, सरपंचांच्या चुलत दिराच्या घरी मोटर तिसऱ्यांदा चालू सापडली तेव्हा. देखरेख समितीतल्या बायकांनी लेखी दिलं. घरात काय झालं असेल ते सांगायची गरज नाही. ताईंनी जोडणी बंद करण्याच्या पत्रावर सही केली. त्या आठवड्यात तात्यांच्या गटातल्या चार घरांनी आपणहून मोटरी काढल्या. ठराव आपल्या माणसावर लागू होतो हे दिसल्याशिवाय समोरचा तो मानत नाही. गटबाजीच्या गावात नियमाला दुसरी कुठलीही ताकद नसते.

गट मात्र आहेत तिथंच आहेत. जलजीवन मिशनच्या नव्या टाकीची जागा माळावर की गावठाणाजवळ हा वाद पुढे वर्षभर चालला. जत्रेची वर्गणी आजही दोन पेट्यांत जमते. डिसेंबर 2024 नंतर अविश्वासाची चर्चा पुन्हा उठली. वस्तीच्या प्रभागातून तात्यांना हवं असलेलं मत मिळालं नाही आणि ती विरली. पाऊस चांगला झाल्यावर 2 ऑक्टोबर 2024 ची ग्रामसभा गणपूर्तीअभावी तहकूब झाली आणि पुढची पुन्हा मूठभर लोकांत उरकली. याचं वाईट वाटतं, पण नवल वाटत नाही. लोक तहान लागली म्हणून आले होते. गावाच्या अंदाजपत्रकासाठी ते अजून येत नाहीत.

वेगळं काय करता आलं असतं

परगावच्या गलाईवाल्यांना या सगळ्यातून बाहेर ठेवलं गेलं. ती माणसं जत्रेला लाखोंनी देणगी देतात, गावात त्यांचा शब्द चालतो, आणि ग्रुपवरचा आगडोंब त्यांच्याच बोटांनी पेटला होता. भिंतीवरचे मोजणीचे आकडे त्याच दिवशी ग्रुपवर गेले असते, तर त्यांनाही बोलायला जातीखेरीज दुसरा विषय मिळाला असता.

मुस्लिम घरांकडून कोणीच बोललं नाही. ती घरं लाइनच्या मधोमध आहेत आणि त्यांचं पाणी बरं होतं, म्हणून कोणी विचारलंही नाही. पण वस्तीवर सभा घ्यायची ती फक्त तक्रार असेल तिथं, असा पायंडा त्यातून पडला. मशिदीसमोरच्या चौकात अर्धा तास बसायला हवं होतं.

ग्रामसेवकाची बदली ऑगस्टमध्ये झाली. नव्या माणसाला ठराव माहीत होता. वाचून दाखवायची रीत त्याला माहीत नव्हती, आणि ती कुठं लिहिलेलीही नव्हती. ठरावात पाण्याबरोबर सभेची पद्धतही लिहायला हवी होती : टोकाकडून सुरुवात, एकाला एकदा, जागेवर वाचन.

शेवटचा मुद्दा मुदतीचा. ठराव ‘या उन्हाळ्यापुरता’ झाला, कारण तेवढ्यावरच तात्यांचा गट तयार होता. त्या दिवशी ते मान्य करणं बरोबर होतं. पण त्याच ठरावात पुढच्या प्रत्येक फेब्रुवारीत हाच विषय पुन्हा ग्रामसभेपुढे येईल एवढं एक वाक्य घालता आलं असतं, आणि त्याला कोणी विरोध केला नसता. 2025 मध्ये विषय सभेपुढे आणण्यासाठी बचत गटातल्या त्या दोघींना पुन्हा सह्या गोळा करत दारोदार फिरावं लागलं. सह्या मिळाल्या, पाळी मार्चमध्ये पुन्हा सुरू झाली, आणि ते वाक्य या वेळी ठरावात लिहून घेतलं.